सोपानआबांचा गुपित कोड

तुम्ही आता हसाल, पण त्या दिवशी सोपानआबांचा जीव टांगणीला लागला होता. लेक कुवेतला फिटर. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे तिकडनं तोच धाडणार होता. शिरूरच्या बँकेतल्या साहेबानं आबांकडनं शाखेचा कोड पाठ करून घेतला आन् बजावलं, "एक आकडा चुकला तर पैसे भलतीकडंच जातील." आबांनी मनाशी धरलं, हे आकडे म्हंजी तिजोरीची किल्लीच.

पोस्टात लेकाचा ट्रंककॉल आला, तेव्हा पोस्टमास्तर, पोस्टमन रामा आन् मी तिथंच होतो. आबा फोनात कुजबुजले. मग म्हणाले, "त्याला ऐकू येत न्हाई, मोठ्यानं सांगा म्हणतोय. पोस्टमास्तर, तुम्ही जरा बाहेर व्हा. रामा, तूबी."

आम्ही सगळे निमूट बाहेर आलो आन् दार लोटून घेतलं. मग आबांनी बेंबीच्या देठापासून एकेक आकडा असा ओरडून सांगितला, की सुटणाऱ्या एसटीचा कंडक्टर घंटी मारायचा थांबला.

आबा घाम पुसत बाहेर आले आन् माझ्या कानाशी लागले. "लेकानं लिहून घेतलं. लग्नाची काळजी मिटली. कुणाला कळलं न्हाई ना?"

रस्त्यापलीकडनं कांदेवाली म्हणाली, "आबा, शेवटचा सात म्हणालात का आठ?"