जावेची दृष्ट

माझं माहेर पौडाच्या वरच्या अंगाला, सासर हे नेरं गाव. काय सांगू तुमाला, लगीन होऊन आले तवा मी निस्ती काटकी हुते. धाकटी जाऊ सुमन माझ्याच वयाची, दोघी मिळून भाताची आवणी करायचो, शेन काढायचो, डोक्यावर भारं वाहायचो. मग आमच्या मालकांनी जमीन इकली, बंगला बांदला, खोल्या भाड्यानं दिल्या, आन मी जी बसले ती बसलेच. सुमनच्या नवऱ्यानं न्हाई इकली, ती ऱ्हायली चिखलात.

बसून बसून अंग सुटलं माझं. बायका म्हनायच्या, आता कशी लक्षुमीवानी दिसतीस. मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग जिना चढताना धाप लागाया लागली, छातीवर कुनी पाटा ठेवल्यागत व्हायचं. मी म्हनलं, ही सुमनचीच दृष्ट, माझं चांगलं बघून पोटात दुखतंय तिच्या. दर शनवारी मीठ-मिरच्या उतरून घ्यायचे, लेकीकडनं, सुनंकडनं. धाप काय जाईना.

एक दिवस तिच्याच दारात बसले ती उठताच येईना, घामानं चिंब. सुमननंच रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनला, मावशी, वजन लई वाढलंय, त्यानं रक्तदाब वाढला, साखर वाढली, हृदयाच्या नळीत चरबी साठून रस्ता अरुंद झालाय. स्प्रिंग टाकली नळीत. मी इचारलं, दृष्ट लागून असं व्हतंय का वो? सुमन उशाशी उभी. म्हनली, कुनाची दृष्ट, आक्का?

आता तेल-मीठ कमी, गोळ्या, आन रोज चालायचं. सकाळी सुमनसंगं तिच्या बांधापातूर जाते. ती सटासट फुडं, एक गोळी न्हाई तिला, धाप न्हाई. मागनं तिची सरळ पाठ बघते आन जीव जळतुया माझा, लई जळतुया, डॉक्टरला काय त्याची गोळी देता येत न्हाई. बांधावर थांबून म्हनती, आक्का, सावकाश या, हाय मी हितं.

असू दे तिला असंच धडधाकट, देवा. आता दृष्ट लागली तर माझीच लागायची तिला, म्हनून दर शनवारी मीठ-मिरच्या मी तिच्यावरनं उतरते.