काकूच्या ओसरीतली टीम

आता चिमूरकडच्या आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम चांगली नावाजली आहे, पण पह्यल्या वर्षी ती उभी राह्यते का नाई, हेच समजत नव्हतं. उंच पोरगा एकच, सुखदेव. त्याचं गाव जंगलाच्या पार, अन् प्रॅक्टिस संपेपर्यंत अंधार पडे. त्याची माय म्हणे, “रस्त्यात वाघ फिरून राह्यला. मी पोराले नाई पाठवत.”

आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. मी छाती फुगवून म्हटलं, “काकू, आमी रोज त्याले घरापर्यंत सोडून देऊ.”

“अन् मंग तुमाले कोन सोडन?”

आम्ही चपला घालू लागलो, तशी काकू म्हणाली, “थांबा. रोज इथीच जेवा, ओसरीत झोपा अन् सकाळी कॉलेजात जा.”

तो अख्खा हंगाम आम्ही तिच्या हातचा भात खाऊन खेळलो. स्पर्धेत मात्र पह्यल्याच सामन्यात हरलो. मान खाली घालून आपापल्या चटया गुंडाळायले गेलो, तर काकू दारात उभी.

“चटया काऊन नेता?”

“हरलो ना, काकू.”

“मंग? पुढच्या वर्षी खेळाले आल्यावर कुठी झोपसान?”