आजी कुणाच्या बाजूने

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारच्या बाकावर सासू-सून पुकाऱ्याची वाट पाहत होत्या. सुनेच्या लेकीचा, छकुलीचा, तात्पुरता ताबा आईला की बापाला, ते आज ठरणार होतं.

"आई, तो पिऊन तुमच्यावरही हात उगारतो, एवढंच जजसाहेबांना सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे गं. पण तुला ना घर, ना धड नोकरी. मी बोलूनही छकुली त्याच्याकडेच राहिली, तर?"

"तर काय?"

"तर तो मला त्याच दिवशी घराबाहेर काढेल. मग त्या दोघांच्या मध्ये कोण उभं राहणार?"

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूने बोलणार?"

"मला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणेन. म्हातारीचं बोलणं कोण मनावर घेतं?"

"आणि मला मिळाली, तर तुम्हीही या माझ्याकडे."

"बघू. आधी डोळे पूस."

पुकारा झाला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. छकुली बापाचं बोट धरून बाहेर आली. तिचा दुसरा हात आजीने घट्ट धरला होता.