दोघांनीही पडतं घेतलं

व्हिसाच्या रांगेत पुढच्यांचं बोलणं ऐकू आलं नाही तरच नवल. माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते.

“सहा महिने तिकडच्या विद्यापीठात जाऊन नेमकं करायचंय काय तुला?”

“दांडा का डुगडुगतो ते शोधायचंय, बाबा.”

“कसला दांडा?”

“पंपाचा. दांडा आमच्या वर्गाने बनवायचा, कडं तिकडच्या वर्गाने. पहिल्या खेपेला दांडा कड्यात जाईचना. म्हणून आम्ही तो केसभर बारीक केला.”

“मग बसला असेल की.”

“छे! त्यांनीही कडं केसभर मोठं करून पाठवलं. आता खुळखुळ्यासारखा वाजतो.”

“म्हणजे दोघांनीही पडतं घेतलं. एकमेकांना विचारायला काय झालं होतं?”

“दोघांनाही वाटलं, आपणच सांभाळून घेऊ. आता सर उत्तर सांगतच नाहीत. म्हणतात, असं का झालं ते दोन्हीकडच्यांनी मिळून शोधा, तोच अभ्यास.”

“बरं बाई. तुझ्या आईची फार इच्छा, म्हणून मी हो म्हटलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.”

“आईची? ती तर म्हणाली, तुझ्या बाबांची हौस आहे म्हणून मी गप्प बसलेय.”

“काहीतरीच! आणि तुझं काय?”

“मला वाटलं, तुम्हा दोघांनाही हवंय.”

खिडकीतून नंबर पुकारला.

“बाबा, आपला नंबर.”

“थांब. आधी आईला फोन लाव.” मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही व्हा पुढे.”