फळी वर गेली

दुसऱ्याचं बोलणं ऐकायची मला सवय नाय. पण शहापूरच्या दवाखान्यात शेणव्याची सकुबाई एवढ्या मोठ्यानं बोलत होती, मग कान काय घरी ठेवून यायचे? नर्स दर्शनानं तिला भिंतीला उभी केली, डोक्यावर पेन्सिलीची रेघ ओढली आणि टेप लावली.

"मावशी, जुन्या कागदापेक्षा चार बोटं कमी भरलात."

"कागद चुकला असंल गो."

"दम्याच्या गोळ्या किती वर्सं घेता?"

"सात. त्याबिगर श्वास पुरत नाय."

"त्या स्टेरॉइडच्या. त्यांच्यानं हाड बांधणारे गवंडी सुस्तावतात, पाडणारे पाडतच राहतात. हाडातला चुना निघून जातो, मणके दबतात."

"म्हंजे गोळीनं मलाच चुना लावला!"

"हसू नका. आणि गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर हाडांचं औषध देतील. इतके दिवस ध्यानात कसं आलं नाय?"

"आलं ना! मिठाच्या बरणीची फळी वर गेली, असं वाटायचं. हात पुरंना. म्हटलं, घरच वाढलं."

"घरात कोनी बोललं नाय?"

"कोन बोलनार? मांजर? पोरगा अनिल कल्याणला ऱ्हातो. फोनवर आवाज कळतो, उंची थोडीच कळते?"

"बरं, सरा बाजूला. रेघ पुसते."

"नको गो, ऱ्हाऊ दे. पुढच्या महिन्यात परत मापशील ना?"

"मापून उंची वाढायची नाय, मावशी."

"नाय वाढली तर नाय. पण आनखी कमी झाले, तर तू सांगशील ना?"