आप्पांचा फोटो मधल्या ओळीत आला होता

मंडळी, बसून घ्या. मला बोलणं जड जातंय, म्हणून काय झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. मंगळवारी सकाळी इथल्या चौकात साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उभा केला. लोखंडी चौकट, पंधरा फूट.
२. माझे वडील, दत्ताआप्पा, यांनी त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला.
३. नऊ एकतीसला साहेबांचा फोन आला. त्यानंतर चौकट पाच फूट वर घेतली. वरून अकरा हजार व्होल्टची लाइन जाते.
४. आप्पा शिडीवर होते. चौघांनी खालून दोर धरले होते.
५. साहेबांच्या गाड्या आल्या. चौघे दोर सोडून हार घालायला धावले.
६. चौकट तारेवर गेली. आप्पांचे हात चौकटीवर होते.
७. केक कापून झाल्यावर कुणीतरी मागे पाहिलं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. सोलापूरला सबस्टेशनच्या टेस्टिंगचं काम करते. लाइन एका सेकंदाच्या आत ट्रिप झाली. केकला जास्त वेळ लागला.

आदल्या दिवशी मी आप्पांना सांगितलं होतं, चौकट तारेपासून लांब ठेवा.
"तू तुजं सबस्टेशन बघ. सायबांना गाडीत बसल्या जागी दिसायला पायजे की."
मी म्हटलं, साहेबांना स्वतःचा चेहरा ठाऊक आहे.
"माजा दिसायला पायजे, येडे."

बावीस वर्षं साहेबांच्या फ्लेक्सवर आप्पांचा फोटो खालच्या ओळीत असायचा. आई चष्मा लावून शोधायची. यंदा मधल्या ओळीत आला होता. आज माझ्या मागे जो श्रद्धांजलीचा फ्लेक्स आहे, त्यावर आप्पांचा फोटो दीड फूट आहे. एवढा मोठा पहिल्यांदाच. साहेबांचा तीन फूट आहे. मी मोजला.

बाळूकाका, डावीकडचा दोर तुमच्या हातात होता. काल तुम्ही दारात म्हणालात, "पोरी, सायबांची गाडी दिसली म्हंजे पाय ऱ्हात न्हाईत गं." ते मला खरं वाटलं. तुम्ही वर आणि आप्पा खाली असते, तर आप्पांनीही दोर सोडला असता. आज इथे हार तुमच्या फोटोला असता, आणि आप्पा खुर्च्या मांडत असते. म्हणून मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला तुमची कीव येते, आणि आप्पांचीही येते.

साहेब, तुम्ही घरी आलात. आईला म्हणालात, "वहिनी, माझा उजवा हात गेला." त्याच दुपारी पोलिसांना आप्पांचं आडनाव सांगायला तुम्हाला बाळूकाकांना विचारावं लागलं. जबाबात तुम्ही लिहून दिलंत: कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हौसेने फ्लेक्स लावला, मी काहीही सांगितलं नव्हतं. दोर धरणाऱ्या चौघांचे जबाबही तसेच आहेत. म्हणजे सरकारी कागदावर माझे वडील हौसेने मेले.

फोन बावन्न सेकंद चालला. आप्पांनी तो स्पीकरवर ठेवला होता, कारण साहेबांचा फोन चारचौघांना ऐकवायचा असतो. "नाव झाडाआड जातंय, वर घ्या," हे बाळूकाकांनी ऐकलं, आणि काल मला सांगितलं. काका, मान खाली घालू नका. तुम्हाला कुणी काही विचारत नाही.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. आप्पांना ते आवडलं असतं, साहेब उभे आहेत म्हणून.

त्यानंतर भाषणं नकोत. साहेब, चौकट वर घ्यायला तुम्ही सांगितलं होतं की नाही, एवढंच लिहून, खाली सही करून द्या. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आमच्या घरी पोचवावं.