हसऱ्या चेहऱ्याचं बटण

अतिदक्षता विभागाबाहेर मावशी नवऱ्याच्या रिपोर्टची वाट पाहत बसल्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण कानांना झाकण नसतं. शेजारी एकाच ऑफिसातले दोन तरुण होते. त्यांच्या सोबत्याला नुकतंच आत नेलं होतं.

"जीव द्यायला निघाला, वेडा!"

"वाचेल म्हणालेत डॉक्टर."

"पण सकाळी ऑफिसच्या गेटवर, आज मन कसं आहे विचारणाऱ्या मशीनवर त्याने हसरा चेहराच दाबला होता ना? आपला अख्खा विभाग आनंदी दाखवत होता."

"आपला विभाग कधी दुःखी असतो? एकाने रडका दाबला, की ऑफिस सुटल्यावर सगळ्यांना तासभर मनमोकळ्या गप्पांना बसवतात."

"हो ना. त्या नव्या मुलीने एकदा दाबला, तर सगळ्यांनी तिलाच फाडून खाल्लं."

"ऐक ना. त्याने आज रडका दाबला होता."

"काय?"

"मशीनने विचारलं, नक्की का? तो उत्तर न देताच पुढे गेला. मी त्याच्या मागेच होतो. मला लवकर घरी जायचं होतं रे. त्याच्या जागी मीच हसरा दाबला."

"अरे देवा! कोणाला बोललास?"

"तुलाच."

तेवढ्यात दार ढकलून त्या सोबत्याची बायको धावत आली.

"भावोजी, यांनी सकाळी कोणाला काहीच कसं सांगितलं नाही हो?"

पहिल्याने दुसऱ्याकडे पाहिलं.

"नाही वहिनी," हसरा दाबणाराच घाईने म्हणाला, "कोणालाच नाही."